कानावर पडेपर्यंत

माझी पत्नी वारली त्या दिवशी मी पापनाशमला लग्न लावत होतो. तिला दवाखान्यात नेल्याचा निरोप अंतरपाट धरण्याआधी मंडपात आला. ती गेल्याचा निरोप सप्तपदी चालू असताना आला. पंगत उठल्यावर वधूपित्याने माझ्या हातात तांबूल ठेवला आणि मग दोन्ही निरोप एकदम दिले.

मी तंजावुरातल्या मराठी घरांमधली लग्नं लावतो. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे. भटजीला इथे तमिळमध्ये वाध्यार म्हणतात, आणि आमची मराठी माणसंही तेच म्हणतात. कॉलेजात संस्कृत शिकलो, वडिलांकडून विधी शिकलो, आणि उरलेलं आयुष्य सरस्वती महालात पोथ्या वाचण्यात घालवलं. एवढं शिकून करतो काय, तर ज्यांना एक मंगलाष्टक धड वाचता येत नाही त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकतो.

आमच्या लग्नात सगळंच असतं. महाराष्ट्रातून आणलेला अंतरपाट असतो, इथला झोपाळा असतो, आणि गट्टी मेळम असतं. मुहूर्ताच्या क्षणी नादस्वरम ही लांब सनई आणि तविल हा ढोल एकदम जोरात वाजवतात, त्याला गट्टी मेळम म्हणतात. त्या क्षणी शिंक, रडणं किंवा एखादा अशुभ शब्द कुणाच्या कानावर पडू नये म्हणून ते वाजवायचं. आमच्याकडे ते अंतरपाट दूर होताना वाजतं आणि मंगळसूत्र, म्हणजे इथली ताली, बांधताना पुन्हा वाजतं. इशारा वाध्याराने बोट वर करून द्यायचा, दुसऱ्या कुणी नाही.

त्या दिवशी माझी मंगलाष्टकं अर्ध्यावर आली होती. अंतरपाट धरलेलाच होता. मी बोट वर केलं नव्हतं आणि मेळम सुटलं. वळून पाहिलं तर वधूपिता हात उंच करून उभा होता. मला वाटलं, घ्या. इतक्या पिढ्या इथे काढून हे लोक धड मराठी राहिले नाहीत की धड तमिळ झाले नाहीत, आणि बोट कुणी आणि कधी वर करायचं तेही विसरले. वाजणं थांबेपर्यंत मी डोळे मिटून उभा राहिलो. मग त्यांना धडा मिळावा म्हणून सगळी मंगलाष्टकं पहिल्यापासून पुन्हा म्हटली. सावकाश म्हटली.

खरं काय झालं ते मला नंतर शेजाऱ्याने सांगितलं. पत्नीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजारीण घरात होती. माझा फोन पिशवीत बंद. लग्न लावताना फोन बंद ठेवावा हा माझाच नियम. तिने आमच्या भिंतीवर टाचलेल्या लग्नपत्रिकेवरून वधूपित्याचा नंबर लावला. तो म्हणाला, "आत्ता पाठवितों." पाठवलं नाही. तेव्हा तिचा नवरा मोपेडवर निघाला. मंडपात शिरताच त्याने मला हाक मारली, वडीलधाऱ्याला इथे म्हणतात तसं "मामा" एवढं तोंडातून बाहेर पडलं, आणि वधूपित्याचं बोट वर गेलं. पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

शेजारी भिडस्त माणूस. त्याला दोघांनी धरून जेवणघरात नेलं.

"बसवून पान वाढिलं मला, मामा," तो सांगत होता आणि रडत होता. "मी नको नको म्हणतों. ते म्हणतात, आधी जेवा, ताली होऊं दे, मग सांगू. पायसम दोनदा वाढिलं."

तांबूल देताना वधूपित्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते मापात होतं. मी विचारलं, "सकाळी का सांगितलं नाहीत?"

"तुम्हींच सांगितलेलं ना, वाध्यारे," तो म्हणाला. "आमची अत्तै वारली तेव्हां. कानावर पडेपर्यंत सूतक नाही म्हणून. तुमच्या कानावर पडलं असतं तर लग्न कोणी लावायचं? या मुहूर्ताला तंजावुरात एक वाध्यार रिकामा नव्हता."

नियम मी सांगितला होता हे खरं. नियमही खरा. सूतक मृत्यूने लागतं, पण बातमी कळल्यापासून पाळायचं असतं. पोथीतलं एवढं एकच वाक्य त्या घराला पाठ झालं, आणि तेही त्यांनी चुकीच्या जागी वापरलं. सकाळचा निरोप आला तेव्हा ती जिवंत होती. दवाखान्यात ती मला बोलवत होती. जिवंत माणसाचं सूतक कुणाला लागत नाही. पापनाशमहून तंजावूर तासाभराच्या आत येतं. तेवढा वेळ मी त्यांना धडा शिकवत होतो.

त्याच्याशी मी वाद घातला नाही. मोपेडवर शेजाऱ्यामागे बसलो. मांडीवर नवं धोतर, नारळ आणि विड्याची पानं होती. ती वाटेत कालव्यात टाकावीत असं मनात आलं, पण शेजारी वेगात चालवत होता.

वर्षभराने मी पुन्हा लग्नं लावायला लागलो, कारण दुसरं काही येत नाही. पूर्वी जोडपी आमच्या घरी येत तेव्हा पत्नी आत स्वयंपाकघरात कॉफी करत असे आणि ऐकत असे. ती दोघं गेल्यावर बाहेर येऊन आमच्या बोलीत निकाल देई, ज्यात 'हवं'ला 'होना' म्हणतात. "याला तुम्हीं नको, हो. याला घड्याळ होना. कुंभकोणमच्या त्या गालावर मायक्रोफोन लाविणाऱ्याकडे पाठवा." किंवा, "हें लग्न लावा. तो तिच्या पेल्यात साखर कमी घातली का ते विचारीत होता." मी चेष्टा करायचो की जोडपी साखरेवरून निवडतेस. ती म्हणायची, "तुम्हीं पोथीवरून निवडा. बघू कोणाचं टिकतंय."

देवनागरी वाचता न येणाऱ्या मुलींसाठी ती मंगलाष्टकं तमिळ लिपीत उतरवून देत असे. आता ती मागायला कुणी येत नाही. मोबाइलवर मिळतात म्हणे, वाद्यांसकट.

आता जोडपी ओट्यावर बसतात आणि मला पारखतात. चेन्नईहून आलेल्या एका मुलाने विचारलं, "मामा, होम गॅसवर चालेल का? हॉलमध्ये धुराचा अलार्म आहे." एका मुलीला अंतरपाटावर दोघांचे फोटो छापून हवे होते. म्हणजे एकमेकांना पाहू नये म्हणून धरलेल्या कापडावर एकमेकांचे चेहरे. तिची आई म्हणाली, "क्यूट दिसेल की, वाध्यारे." एकाला मधूनमधून इंग्रजीत विनोद करणारा वाध्यार हवा होता. मी म्हटलं, मला विनोद येत नाहीत. तो म्हणाला, "ओके, लहान लहान सांगितले तरी चालतील."

हे सगळं ऐकून झालं की मी एकच प्रश्न विचारतो. लग्न चालू असताना माझ्यासाठी निरोप आला, तर मला कोण सांगेल?

बहुतेक जण हसतात. काही जण म्हणतात, अशुभ कशाला बोलता. एक वरपिता विचार करून म्हणाला, "म्हणूनच दोन वाध्यार बोलवावेत, एक स्टँडबाय." त्या सगळ्यांना मी कुंभकोणमला पाठवतो. तिथल्या गृहस्थाचा धंदा माझ्यामुळे बराच वाढला असावा.

मग ती आली. पापनाशमच्या त्याच घरातली, त्या वधूची धाकटी बहीण. बरोबर नियोजित नवरा होता. मी तिला ओळखलं आणि आत या म्हटलं नाही. दोघं ओट्यावरच बसली.

"अप्पांना ठाऊक आहे इथे आलात ते?" मी विचारलं.

"नाही. त्यांना कुंभकोणमचे होना."

"मग मी कशाला?"

उत्तराची वाट न पाहता मी माझा प्रश्न विचारला. तो मुलगा लगेच म्हणाला, "मामा, असं काही होणार नाही. देव आहे की."

"गप्प बैस रे," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "सकाळचा फोन मींच घेतला होता, मामा. अप्पांचा फोन माझ्या हातात होता. तुमच्या शेजारच्या मामी रडत होत्या. मी फोन अप्पांना दिला. ते म्हणाले, कोणाला बोलू नको. मी बोललें नाही. अक्काच्या शेजारी उभी राहून अक्षता टाकिल्या."

"आणि आता?"

"आता सांगेन असं म्हटलं तर तुम्हीं मानाल का?"

"नाही."

"मग फोन तुमच्याजवळ ठेवा. चालू. वाजला तर तुम्हींच घ्या, लग्न थांबलं तर थांबलं. अप्पांना मी बघतें."

पत्नी असती तर आतून येऊन काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. म्हणून मी हो म्हटलं. मुलीला क्षमा केली असं नाही. तिने अप्पांचं नाव पुढे करून स्वतः मागे सरण्याची सोय ठेवली नाही, एवढंच.

तोच मंडप होता आणि मेळमवालेही तेच. वधूपिता नमस्कार करून खांबाआड उभा राहिला. मी अक्षतांच्या ताटाशेजारी केळीच्या पानावर फोन ठेवला. कुजबुज झाली. कुणी म्हणालं, वाध्यारालाही व्हॉट्सॲप सुटत नाही.

अंतरपाट धरला आणि मी मंगलाष्टकं सुरू केली. मध्येच फोन वाजला.

मी थांबलो. तविलवाल्याने काठी उचलली आणि वधूपित्याकडे पाहिलं, म्हणजे त्यालाही सगळं आठवत होतं. वधूपित्याचा हात कमरेपर्यंत आला. मुलीने अंतरपाटामागून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हात तिथेच राहिला. सगळ्या मंडपात फक्त माझा फोन वाजत होता. मी तो उचलला आणि कानाला लावला. एक बाई मला क्रेडिट कार्ड देत होती. मी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. समोर रेशमी साड्या, सोनं आणि पांढरे पडलेले चेहरे होते. एकाही माणसाची "काय झालं" असं विचारण्याची छाती झाली नाही. इतकी वर्षं लग्नं लावली, पण एवढी शांत सभा मी पाहिली नव्हती.

"नको," मी बाईला म्हटलं आणि फोन पानावर ठेवला. थांबलो होतो तिथूनच पुढे म्हणालो. शेवटच्या ओळीला बोट वर केलं, तेव्हा मेळम वाजलं. वेळेवर वाजलं.

वधूपिता तांबूल द्यायला आला नाही, त्याने मुलीला पाठवलं. मी पंगतीला बसलो नाही. बसने घरी आलो, दिवा लावला, आणि एका माणसापुरता भात टाकला.

आता मी लग्नात फोन चालू ठेवतो. निरोप ज्याचा यायचा, ते माणूस घरात नाही.