फाटकवाल्या ऊ पो थिनची सुटका

न्यौंगबिन गावच्या मठातली वण्णसारी अवघी एकोणीस वर्षांची भिक्षुणी, तिकडच्या बोलीत सयाले, पण ती हट्टाला पेटली की मठातल्या थोरल्या भिक्षुणीही तिच्या वाटेला जात नसत. आणि या खेपेला प्रश्न तिच्या वडिलांचा होता.

तिचे वडील ऊ पो थिन रेल्वेचे फाटकवाले. ते ड्युटीवरच वारले, त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून गाडी नसतानाही फाटक आपोआप पडे. बैलगाड्या खोळंबत. नवा फाटकवाला भीतीपोटी तापाने फणफणला. शेवटी गावाने मांत्रिक ठरवला. पौर्णिमेला तो ऊ पो थिनच्या भुताला चिंचेच्या झाडात खिळ्याने ठोकणार होता. एकदा ठोकलं की पुढचा जन्म नाही.

सयालेने स्टेशनमास्तरांना गाठलं. "त्यांना कार्यमुक्तीचा कागद दिलात?"

"मेलेल्या माणसाला?"

"नोकरीत मेलेला माणूस कागदाशिवाय आपली जागा सोडत नाही. तुमच्या आधीचे साहेब देत होते. शिक्क्यासकट."

मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण शिक्का मारला. तिने कागद फाटकापाशी खणखणीत वाचला. दांडा वर गेला. तीन दिवस बरे गेले, आणि चौथ्या दिवशी फाटक पुन्हा धाडकन खाली!

"झालं समाधान?" मांत्रिक खिळा दाखवत हसला. "भुतं कागद वाचत नसतात, सयाले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक फाटकाजवळच्या चहावालीकडे गेली. "मावशी, फाटक नेमकं कधी पडतं?"

"तुमच्या भिक्षेच्या दिवशी. तुम्हा भिक्षुणींची गुलाबी वस्त्रांतली रांग दिसली की पडलंच. जिवंतपणीही तो तेच करायचा. म्हणायचा, माझी पोर अनवाणी असते, मान खाली घालून चालते, गाड्या थांबवायला नकोत का?"

सयालेला रडू कोसळलं. खाली मान घालण्याच्या नियमापायी तिने त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भिक्षेची रांग मागे थांबवून ती एकटी रुळांपाशी आली. फाटक खाली आलं.

"बाबा," ती म्हणाली. दीक्षेनंतर पहिल्यांदाच. "साहेबांनी सोडलं, आता मीही सोडते. मला जाता येईल. तुम्ही जा."

बराच वेळ काही झालं नाही. ती हलली नाही. मग दांडा हळूहळू वर गेला.

पलीकडच्या बैलगाड्या लगेच सुटल्या. "ए सयाले, बाजूला हो की!" एक गाडीवान खेकसला. तिने मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि रूळ ओलांडले.