काचेच्या पेटीतलं विरजण

प्रश्न कोणताही असो, अप्पांचं पहिलं उत्तर "थांब" असे. जेवायला वाढू का? थांब. पाहुणे निघालेत, चहा टाकू का? थांब. बोळिंजला आमच्या वाडीत त्यांच्यामागे सगळे त्यांना 'थांबेअप्पा' म्हणत. ते माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, घर शेजारीच. ऐंशी सालाच्या आसपास मी लग्न होऊन आले. माझा स्वभाव एक काम हातात असताना दुसरं उरकण्याचा, त्यामुळे सुरुवातीला आमचं काही जमलं नाही.

केळीला पाणी लावलं की अप्पा पाटाच्या टोकाशी उकिडवे बसून राहत. पंप सुरू करून तेवढ्यात दुसरं काम होतं, असं मी एकदा सुचवलं. "शेवटच्या केळीला पोचलं की उठतो," ते म्हणाले. "मध्येच पाट फुटला तर ती बिचारी कोणाला सांगणार?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हौस म्हणून अप्पांनी मुंबईहून गोल्डफिश आणले होते. पहिले मासे विहिरीच्या ताज्या, स्वच्छ पाण्यात सोडले आणि ते लगेच उताणे झाले. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढचे जगले, ते अप्पांनी पाणी आधी मुरवून ठेवलं म्हणून. राजोडीची मासेवाली ओटीवर टोपली टेकवून म्हणे, "अप्पा, खायाचे मासे माझे नि लाड मुंबैच्या माशांचे? माझ्या बोंबलांना पन जरा पानी दाखवा की!"

काकू आतून ओरडत, "त्यांना सांगू नकोस. 'थांब' म्हणतील, तोवर तुझे बोंबील सुकतील!"

मग काकू अंथरुणाला खिळल्या. कॉट माजघरात, समोर माशांची पेटी. दिवसभर त्या तिकडेच बघत. मासे वाढले होते, पेटी अपुरी पडत होती. ते वर येऊन तोंडं उघडत. "मला धाप लागते तशी त्यांनाही लागते हो," त्या एकदा म्हणाल्या.

अप्पा उठले आणि तसेच विरारला गेले. लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबीचं लुकण भरून काचा बसवलेली मोठी पेटी करून आणली. उशीवरचं डोकं न उचलता दिसेल अशा बेतानं ठेवली. लांबीचा वास जाईपर्यंत भरली, उपसली, पुन्हा भरली. पण मासे सोडेनात. जुन्या पेटीतली घाणेरडी रेती त्यांनी लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी नव्या पाण्यात टांगली.

"दही लावताय की काय?" काकूंनी विचारलं.

"तसंच समज. जुन्या पाण्याचा गुण नव्यात उतरायला हवा."

त्यानंतर रोज सकाळी काकू विचारत, "लागलं का विरजण?" पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. अप्पा वास घेत आणि मान हलवत.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला ओटीवर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. मी आत जाऊन सरळ म्हणाले, "अप्पा, आजच सोडा मासे. काकूंना बघू द्या."

"थांब," ते म्हणाले. हातात जाळी होती. एकदा पेटीकडे, एकदा कॉटकडे बघत ते उभे राहिले. काय करावं ते न कळलेले अप्पा मी तेव्हाच पाहिले.

काकूंनी ऐकलं होतं. "तू त्यांना घाई करू नकोस गं. मेलेले मासे बघत जाऊ का मी?" मग अप्पांना म्हणाल्या, "एक सोडा. तो काळ्या शेपटीचा. दांडगा आहे, तो तग धरेल."

अप्पांनी त्याला लोट्यात घेतलं, लोटा नव्या पाण्यात धरून ठेवला आणि चुळकाभर, चुळकाभर नवं पाणी आत घातलं. दुपार कलली. मग लोटा हळूच आडवा केला. मासा बाहेर आला, काचेपर्यंत गेला, वळला, थेट दुसऱ्या टोकाला गेला. त्याला इतकं लांब पोहता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "एवढं मोठं घर, आणि एकटाच हो," म्हणाल्या. "बाकीच्यांना मागाहून न्या. सवडीनं न्या."

"नेतो," अप्पा म्हणाले.

पाणी निवळण्याआधीच काकू गेल्या. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्या गर्दीतून वाट काढत अप्पा रोज पेटीपाशी जाऊन येत. आता कशाला हा व्याप, देऊन टाका मासे, असं कोणीतरी म्हणालं. अप्पा पेटीवर वाकून पाण्याचा वास घेत राहिले.

पाहुणे पांगल्यावर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाणी आरपार दिसत होतं आणि काळ्या शेपटीचा त्यात फिरत होता. आम्ही एकेक मासा लोट्यातून नेला. शेवटचा सोडून झाल्यावर अप्पांनी हात पुसले. कॉट केव्हाच काढून टाकली होती. उशी असायची त्या जागी ते गुडघे टेकून बसले आणि मान वाकवून काकूंच्या डोळ्यांच्या उंचीला आणली.

"बरं दिसत होतं तिला," ते म्हणाले.

मला अजून मागून आणलेल्या गाद्या परत करायच्या होत्या, भांडी घरोघर पोचवायची होती. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.