मुळासकट

थोरलीच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, आणि तिच्यातून नेमकं धाकट्या जावेचं शेत दिसायचं. डोंगरउतारावरची पायऱ्यांसारखी शेतं, मध्ये हातभर उंच बांध. अलीकडचा सातू पिवळट, विरळ. पलीकडचा काळपट हिरवा, वाऱ्यात जड डोलणारा. थोरली दूध तापत ठेवून तिथे उभी राहायची. दूध उतू जायचं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीने उभ्या सातूत बरसीमचं बी फोकलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने थोरलीच हसली होती. "धान्यात गवत पेरतेस? मग तणाने काय घोडं मारलं?"

"वाटाण्याच्या जातीतलं आहे, अक्का. गुरं खातात, जमीनही सुधारते."

"नवऱ्यालाही घाल थोडं. सुधारला तर सुधारला."

ते हसू आता तिच्याच अंगावर उलटलं होतं. त्यात सासऱ्यांनी जेवताना सांगून टाकलं, "वरचा तुकडा आता माझ्याने होत नाही. पुढच्या सुगीला जिचा सातू भारी, तिने तो करावा." झऱ्याजवळचा तो तुकडा. या घरात आल्या वर्षापासून तिथले दगड थोरलीने वेचले होते. तिच्या पाठीचं सगळं दुखणं त्या मातीत होतं.

धाकटीला विचारणं जिवावर आलं. दोन डोंगर पलीकडच्या बियाणेवाल्याकडून तिने गुपचूप बी आणलं, सातूत फोकलं. सातू काढून झाल्यावर बरसीम असं माजलं की पाय ठेवायला जागा नाही. धाकटीपेक्षा दाट. त्या दिवसांत थोरली काम करताना गुणगुणायची.

मग तिने ते काढलं, या डोंगरावर सातू काढतात तसंच: मुठीत धरून, मुळासकट उपटून, माती झटकून. एक काडी वाया घालवायची नाही, हे तिला आईने शिकवलेलं. पलीकडे धाकटी विळ्याने वरवर कापत होती.

"आळशी," थोरली गाईला म्हणाली. "निम्मा चारा रानातच ठेवतेय."

पुढच्या वर्षी थोरलीचा सातू पुन्हा पिवळाच आला. सासरे हात मागे बांधून दोन्ही शेतं फिरले आणि वरचा तुकडा धाकटीला देऊन मोकळे झाले.

थोरली तडक बांध ओलांडून गेली. "बी तेच, पाऊस तोच. जमिनीत काय टाकतेस, खरं सांग."

धाकटीने बरसीमचं एक रोप उपटलं. मुळांना मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक तिने नखाने फोडली, आत गुलाबी. "खत हे आहे, अक्का. ते जमिनीतच राहू द्यायचं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं असतं, तर पीक माझं आणि अक्कल तुझी झाली असती."

धाकटीने हातातलं रोप बांधावर ठेवलं. "वरचा तुकडा दोघी करू या. दगड तुम्हीच वेचलेत."

ती मिजाशीत बोलली असती तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. "कर तूच," थोरली म्हणाली. "मला माझं पुरे आहे."

आता ती विळ्याने कापते. तिचाही सातू सुधारलाय. पेरणीच्या दिवसांत झऱ्याजवळून हाक येते, "अक्का, येताय का?"

थोरलीला स्पष्ट ऐकू येतं. ती खाली वाकून आपलं काम करत राहते.