पडणाऱ्या जावयाची चौकशी

राधाकिशन तिडके तीस वर्षं एस.टी.त तिकीट तपासनीस होते. आडरानात हात दाखवून गाडी थांबवायची आणि फुकट्या प्रवासी नेमका हुडकून काढायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची युक्ती एकच. "तिकीट काढलंस का?" असं ते कधीच विचारत नसत. "मागच्या फाट्यालाच चढलास ना बे?" असं ठणकावून बोलायचे, जणू सगळं आधीच कळलंय. समोरचा गडबडायचा आणि आपणहून कबूल व्हायचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. दूधवाल्याचं माप, शेजाऱ्याची कंबरदुखी, बायकोचा उपवास, सगळं तपासून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

अशा माणसाच्या मुलीने स्वतःचा नवरा स्वतः शोधावा, म्हणजे कमालच. वैष्णवी बीडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. दिवाळीला धारूरला घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "अण्णा, मी एक मुलगा बघितलाय. आपल्यातलाच हाय. अभिमन्यू केंद्रे."

"काय करतो?"

"नाटक."

"सिरियलमधी हाय का?"

"न्हाई. टेंपो घेऊन गावोगाव फिरतो. नाटक स्वतःच रचतो. त्यात बोलत न्हाई. चालतो, धडपडतो, पडतो. लोक हसतात."

"पडतो," राधाकिशनराव बायकोकडे बघत म्हणाले. "ऐकलंस का विजयमाला? जावई पडतो."

विजयमालाबाई हसू दाबत भाकरी वाढत राहिल्या. वैष्णवी मात्र बापाचीच मुलगी होती. म्हणाली, "चौकशी करा. मनाचं समाधान होईपर्यंत करा. काही वाईट निघालं, तर मी त्याचं नाव काढणार न्हाई. पण न्हाई निघालं, तर तुमी आडवं यायचं न्हाई."

राधाकिशनरावांनी तिथल्या तिथे होकार दिला. ज्याच्याबद्दल काहीच निघत नाही असा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता.

चार दिवसांनी अभिमन्यूचा खेळ धारूरच्या बाजारतळावर होता. राधाकिशनराव तोंडाला मफलर गुंडाळून सगळ्यांच्या मागे उभे राहिले. पडदा नाही, माईक नाही. प्रविण नावाचा जोडीदार हलगी वाजवत होता आणि मधोमध एक काटकुळा, लांब हातापायांचा मुलगा. खेळाचं नाव 'तोल'. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायला लागला. ना मोळी होती, ना फळी, ना ट्रक. तरी फळी वाकली तशा पुढच्या बायका "अगं बाई" म्हणून ओरडल्या. मग तोच मुलगा दारुड्या झाला. घरी आलाय, पायातली चप्पल काढायचीय, पण पाय कुठला आणि चप्पल कुठली ते कळत नाही. दहा मिनिटं नुसती चप्पल. लोक पोट धरून हसत होते. राधाकिशनरावांना मात्र हसू येईना. ते त्याचे गुडघे निरखत होते. न पिता माणसाला असं झुलता येणं शक्यच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. चोर सापडला होता, आता पुरावा तेवढा हवा होता.

पहिला गाठला तो बाजारतळावरचा चहावाला बिभीषण, अभिमन्यूच्या वाडीचाच. राधाकिशनरावांनी कपात फुंकर मारत सहज म्हटलं, "पोरगा चांगला हाय, पण पितो म्हणे?"

बिभीषण चमकला. "आमच्या तर कधी कानावर न्हाई आलं साहेब. ह्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. हे पोरगं कर्नाटकात कारखान्यावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलं. तिथली पोरं कानडी बोलणारी, ह्याची बोली कुणाला कळंना. मग हा त्यांच्यापुढं मुद्दाम पडायचा. पोरं हसली की खेळायला घ्यायची. चुलता पिऊन पिऊन गेला ह्याचा, त्याला रोज उचलून आणायला हाच. म्हणून थेंबाला शिवत न्हाई."

'गाववाला आहे, झाकणारच,' असं म्हणून राधाकिशनरावांनी ही साक्ष बाद केली.

दुसरा अजिनाथ, मांजरसुंब्याचा ढाबेवाला. रात्रीचा खेळ आटोपला की टेंपो तिथे जेवायला थांबे. राधाकिशनराव भरदुपारी पोचले आणि शेवभाजी मागवून म्हणाले, "त्या नाटकवाल्याला लागते म्हणे बाटली?"

"इथं तर भाकरी अन् ठेचाच मागतो बघा," अजिनाथ डोकं खाजवत म्हणाला. "दोन वरीस विद्यापीठात नाटक शिकला. तिथली पोरं ह्याच्या बोलण्याला हसायची. हा म्हणला, हसायचंच हाय तर मी हसवीन तवा हसा. तवापासनं स्टेजवर तोंड उघडत न्हाई. आता थंडीत कारखान्यांवर फिरतो, तोडणीवाल्यांच्या पोरांना घेऊन खेळ बसवतो. खेळ घेऊन केरळातसुदिक जाऊन आला. पण साहेब, तुमी म्हणताय म्हंजी... काही हाय का?"

"मी कशाला म्हणू? लोक म्हणतात," राधाकिशनराव म्हणाले आणि उठले.

तिसरा बीडच्या स्टँडवरचा जुना दोस्त, कंट्रोलर अंगद. त्याच्याही कानात तोच 'म्हणे' टाकून झाला; तोही नाहीच म्हणाला. मधल्या काळात त्यांनी आणखी तीन खेळ बघितले. कधी अजिनाथच्या ढाब्यावर, कधी दारूच्या दुकानासमोर तासन्‌तास उभं राहून पाळत ठेवली. मुलगा काही पिताना दिसला नाही. तेवढ्यानेही संशय वाढलाच. इतका सांभाळून राहणारा म्हणजे पक्का मुरलेला असणार.

महिन्याभराने दुसरी फेरी झाली आणि काय सांगावं, साक्षींचं पीक तरारून आलेलं. अजिनाथ टेबलापाशी येऊन कुजबुजला, "तुमचं खरं निघालं साहेब. पितो. धारूरकडून पक्की खबर हाय." धारूरचा बिभीषण मान खाली घालून म्हणाला, "आमाला माहीत नव्हतं. पण बीडच्या स्टँडवर सगळ्यांच्या तोंडी हाय म्हणतात." अंगदने फोन करून कळवलं, "अरे, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर रोज बसतो म्हणे." तीन ठिकाणं, तीन साक्षी, आणि तिघंही पहिल्यांदा नाही म्हणणारे. राधाकिशनरावांना मनातून केवढा आनंद झाला! मुलीचं वाटोळं टाळलं, या विचाराने त्या रात्री ते गाढ झोपले.

वैष्णवी रविवारी आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. शब्द दिला होता, त्यामुळे वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, ह्यांच्यातल्या कुणी स्वतः बघितलं का?"

राधाकिशनराव संशयी होते, पण लबाड नव्हते. माणूस प्रत्यक्ष सापडल्याशिवाय नोकरीत त्यांनी कधी कोणाची पावती फाडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच बीड गाठलं. अंगद म्हणाला, मी नाही पाहिलं बाबा, मला अजिनाथने सांगितलं. अजिनाथ म्हणाला, धारूरचा एक ट्रकवाला बोलला, तो बिभीषणकडे चहा पितो. दिवस कलता कलता राधाकिशनराव बिभीषणच्या टपरीवर उभे राहिले.

"खरं सांग बे, तुला पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

बिभीषण त्यांच्याकडे बघतच राहिला. "मला? मला तर तुमीच सांगितलं की साहेब. त्या दिवशी. हितंच बसलतात."

राधाकिशनराव बाकड्यावर बसले.

"लई वाईट झालं," बिभीषण पुढे सांगत होता, "इथल्या शाळेचं गॅदरिंग होतं, हेडमास्तरनी खेळ रद्द केला. पिणाऱ्याला पोरांपुढं कसं उभं करायचं म्हणले. आणखी दोन गावांनी नको म्हणून कळवलं. पोरगं घरीच बसून हाय."

तो चहा त्यांच्याने पिववेना. इतक्या वर्षांत ज्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं, त्या मुलाची अब्रू आपण नुसत्या तोंडाने घालवली, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली. तसेच उठले आणि एका ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर मागे बसून वाडीला गेले.

टेंपो दारात ताडपत्रीखाली उभा होता. ओट्यावर अभिमन्यूची आई वत्सलाबाई तूर निवडत होत्या. पाहुण्याचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला. "या," म्हणाल्या, पण बसायला पुढं केलेलं पोतं बरंच लांब टाकलं.

"मी जरा मुलाबद्दल बोलायला आलतो," राधाकिशनरावांनी सुरुवात केली.

"आदी माझं ऐका पावणं," वत्सलाबाई म्हणाल्या. "रागावू नका. पोरगी तुमची लई गुणाची हाय. पण आमीबी चौकशी केली. पोरीचा बाप दर दोन दिवसाला ढाब्यावर असतो. तोंड झाकून दारूच्या दुकानापुढं उभा ऱ्हातो. चार जणांनी सांगितलं. माझा दीर दारूनं गेला, त्या घरची सोयरीक मला झेपायची न्हाई."

राधाकिशनराव चक्रावले. मी पीत नाही, हे कसं सिद्ध करायचं? ढाब्यावर ते होतेच. दुकानासमोरही होतेच. चार जणांनी सांगितलेलं खोटं नव्हतं.

"आई," आतून आवाज आला. अभिमन्यू दारात येऊन उभा राहिला. स्टेजवर वाटला होता त्यापेक्षा लहान दिसत होता. "काका पीत न्हाईत."

"तुला काय ठाव?"

"चार खेळांना आलते. दर खेपेला मागं उभं. मी गर्दीतल्या माणसांच्या चाली बघतच असतो, तेच माझं काम हाय. पिणाऱ्याचा पाय असा पडत न्हाई."

आता गप्प राहिलो तर आपल्यासारखा हलकट आपणच, हे राधाकिशनरावांना कळत होतं. "अभिमन्यू," ते कसेबसे म्हणाले, "तू पितोस ही बातमी मी उठवली. तुझे खेळ माझ्यामुळं बंद पडले."

वत्सलाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. अभिमन्यू मात्र हलला नाही. "मला ठाव हाय," तो म्हणाला. "बिभीषणदादानं परवाच सांगितलं."

"ठाव हाय? मग कावून बोललास माझ्या बाजूनं?"

"बाजू कसली काका? जे बघितलं न्हाई, ते कसं सांगू?"

राधाकिशनरावांना रडू फुटलं. परक्या ओट्यावर, परक्या बाईसमोर, ते हमसून हमसून रडले. वत्सलाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. राधाकिशनरावांनी डोळे पुसले.

"उद्या सकाळी त्या हेडमास्तरकडं जातो," ते म्हणाले. "मग त्या दोन गावांत. सगळ्यांपुढं सांगतो, बातमी माझी होती अन् मी काहीच बघितलं नव्हतं."