मास्तर, काजवाली आणि खिडकीजवळची खुर्ची

शेवटच्या दिवशी सकाळी हे खिडकीकडे हात करून "ते... ते..." करायला लागले. मी पाणी आणलं. नको. चष्मा दिला. नको. खिडकी लावून घेतली तर डाव्या हाताने गादीच बडवली. उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून लुळा. शेवटी नाइलाजाने काजवालीला फोन लावला.

काजवाली म्हणजे ह्यांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटण करणारी. हे मास्तर, ती हाताखाली. मशिनींच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जातंय? म्हणून त्यांची रीतच पडलेली. कुठला दोरा लावू असं ती विचारायचीच नाही. दोन रिळं कापडाशेजारी धरून गप्प उभी राहायची. हे हनुवटीने दाखवायचे. झालं काम.

झटक्यात ह्यांचं बोलणं गेलं. अफेजिया म्हणतात, वाचाघात. दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "डोकं शाबूत आहे त्यांचं. शब्द तेवढा सापडत नाही. एका वेळी एकच विचारा, आणि थांबा." पण थांबतंय कोण! माझे दीर तर कानाशी येऊन ओरडायचे, "दादा, ओळखलंस काऽऽ?"

"भावजी, जीभ अडलीय त्यांची, कान नाही."

ह्यांना असं हसू यायचं! हसू मात्र पहिल्यासारखंच होतं.

आणि ही काजवाली यायची, दोन शर्ट समोर धरायची, उभी राहायची. ह्यांची हनुवटी हलायची. माझा नुसता जळफळाट. संसार माझ्याशी केला आणि कळतं हिला! मी तिला चहा द्यायचे, पण कोमट.

त्या दिवशीही आली, गळ्यात टेप तशीच. काही न विचारता बसून राहिली. मी आपली चादर घे, औषध घे, आत-बाहेर. मग तिने उठून खिडकीतली उशी उचलली. ह्यांनी मान हलवली, नाही. मग तिने खिडकीजवळच्या खुर्चीला हात लावला. ह्यांची हनुवटी हलली, आणि वळली माझ्याकडे.

"वहिनी, बसा की. मास्तर केव्हाचे तुम्हाला खुर्ची दाखवतायत."

माझ्या नवऱ्याला मी जवळ हवीये, हे मला दुसऱ्या बाईने सांगायचं! अंगाचा तिळपापड झाला. पण बसले. ह्यांनी माझं बोट धरलं. ती कधी निघून गेली कळलंही नाही. दुपारी हे गेले. मी खुर्चीतच होते.

परवा ती दुकानाची किल्ली द्यायला आली. दारातच रडू फुटलं तिला. तोंड उघडायची, शब्द काही येईना. तू कशाला रडतेस, नवरा माझा गेलाय, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. आत गेले. एका हातात पाणी, एका हातात चहा घेऊन आले, दोन्ही तिच्यापुढे धरले आणि उभी राहिले.

बराच वेळ गेला. मग तिने हनुवटीने चहा दाखवला.

गरम होता.