चरातलं बारसं

माझी एउफ्रासिया मावशी दिवसभर चराच्या काठावर उभी राहून माती बघते. तेच तिचं काम. आधी, शिकत असताना, बाजारात चाप्ला नावाचा गावठी पाव विकायची, टिचकी मारून ताजा की शिळा सांगायची. आता जुन्या विटांना टिचक्या मारते.

वामांगा शहरातल्या जुन्या इस्पितळात नवे पाण्याचे पाइप टाकतायत. जागा जुनी, म्हणून खणताना पुरातत्त्वाचं माणूस हवंच, असा कायदा. मावशीनं हात वर केला की यंत्र थांबतं आणि इंजिनियर धावत येतात.

"बाई, बाई, बाई! आता काय, मडकं? शुक्रवारी काँक्रीट, शुक्रवारी!"

"खापर आहे. त्याला शुक्रवार कळत नाही."

यंत्र चालवतात तेओदोमिरोकाका. बोलणं मोजकं, गालात चघळायला कोकाची पानं असतात, म्हणे.

मंगळवारी विटांच्या फरशीखाली तान्ह्या बाळाची हाडं निघाली. मावशीचा हात वर गेला. तेओदोमिरोकाका खाली उतरले, टोपी काढून बघत राहिले आणि जेवणाच्या सुट्टीत नाहीसे झाले. परतले ते लाल कार्नेशनचं फूल आणि औषधाच्या बाटलीत चर्चमधलं पाणी घेऊन.

"हिचं नाव ठेवायचं राहिलंय."

"ही का हा, ते मलाही ठाऊक नाही अजून. आणि हाडांवर पाणी? तपासायला काय पाठवू मग, चिखल?"

त्यांनी गालातली पानं काढून टाकली. "बाई, छत्तीस वर्षांपूर्वी आमची मुलगी इथंच जन्मली. तासाभरात गेली, बाप्तिस्म्याआधीच. मी बायकोपाशी होतो, पुरायला दुसरंच कुणी गेलं. माझी फाउस्तिना अजून विचारते, तिला हाक काय म्हणून मारू?"

मावशीनं फरशीच्या विटेला एक टिचकी मारली. मग म्हणाली, "ही फरशी दीडशे वर्षांची तरी आहे, तेओदोमिरो. तिच्याखाली तुमची लेक नाही."

"ठाऊक आहे. मीच फोडली ना. पण हिलाही कुणी हाक मारली नसेल. दोघींना एकच नाव चालेल."

मावशीनं हाडांवर प्लास्टिक अंथरलं, कडा दगडांनी दाबल्या. "इथं कडेला, मातीवर. तीन थेंब. चौथा पडला तर बघा."

"बाप्तिस्म्याला धर्ममाता लागते."

"मग मी काय शोभेला उभी आहे?"

गड्यांनी हेल्मेटं काढली. फूल पाण्यात बुडालं, मातीवर तीनदा झटकलं गेलं. "रोसाउरा," तेओदोमिरोकाका म्हणाले. इंजिनियर "काय, काय—" करत आले, आणि तिसरा 'काय' तोंडातच ठेवून त्यांनीही हेल्मेट काढलं.

मावशीनं रोजच्या नोंदीत लिहिलं : 'हाडांपासून दोन हातांवर पाण्याचे तीन थेंब, आजचे.' खोटं ती लिहीत नाही.

चराच्या त्या टोकाला तेओदोमिरोकाका फोन कानाला लावून उभे होते. "रोसाउरा," ते फाउस्तिनाला सांगत होते. "हो गं, रोसाउरा. आता मार हाक. मोठ्यानं मार, मी ऐकतोय."