ब्राउझरच्या कोपऱ्यातले आमचे गोंधळ

ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात ॲड-ऑनचे, म्हणजे वरून जोडलेल्या सोयींचे, ते छोटे छोटे आयकॉन जसे जमत जातात ना, तसेच आमच्याकडे किस्से जमत जातात. एक कधी घेतला ते आठवत नाही, दुसरा कशासाठी घेतला ते आठवत नाही, आणि काढायला जावं तर वाटतं, असू दे, लागेल कधीतरी!

आमच्याकडे म्हणजे जळगावातल्या आमच्या तिघांच्या ब्लॉगर मंडळात. दर शनिवारी दुपारी आम्ही नानांच्या घरी जमतो. नाना रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी भुसावळला झाली, आता गाड्यांच्या आठवणींचा ब्लॉग लिहितात. शबानाआपा लेडीज टेलर, त्यांचा ब्लॉग कटिंग शिकवणारा. तिसरी मी. माझं बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय, म्हणून कुणाला कोणतं ॲड-ऑन हवं, ते कसं टाकायचं, हे सांगणारी मंडळाची सल्लागार मीच. हे पद मला नेमकं का मिळालं, ते मला अजून समजलेलं नाही.

माझा ब्लॉग आईपणावर आहे, आणि निनावी आहे. माही पावणेदोन वर्षांची आहे. तिला शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते, ते सगळं मी तिथे लिहिते. सासूबाईंबद्दलही लिहिते. जरा जास्तच लिहिते. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या धुळ्याला मोठ्या दिरांकडे असतात आणि अधूनमधून महिनाभर आमच्याकडे येतात. त्यांना हा ब्लॉग कधीही कळू नये, एवढंच माझं देवाकडे मागणं आहे. मंडळातले दोघं आणि माझा नवरा सागर, यांच्याशिवाय कुणालाही तो माहीत नाही.

आता ऐका.

* * *

पहिला सल्ला मी नानांना दिला. जाहिरातींनी ते वैतागले होते. वाचायला जावं रेल्वेचं वेळापत्रक, आणि समोर नाचतंय केस वाढवायचं तेल! मी त्यांच्या लॅपटॉपवर जाहिराती अडवणारं ॲड-ऑन टाकून दिलं. नाना खूश.

आठवड्याने फोन आला. "ताई, घात झाला. माझा ब्लॉग हॅक झाला."

झालं असं होतं की नानांच्या मेहुण्याचा केळीच्या वेफर्सचा धंदा आहे. त्याचा फोटोसकट एक बॅनर नानांनी प्रेमाने स्वतःच्या ब्लॉगवर लावला होता. तो नाहीसा झाला होता. नाना रोज लावत होते, रोज तो गायब होत होता. तिकडून मेहुणा म्हणत होता, "मला तर दिसतोय, भाऊजी." नाना म्हणत होते, "खोटं बोलू नकोस, माझ्या डोळ्यांना दिसत नाही ना!" दोघांचं बोलणं बंद होण्यापर्यंत वेळ आली.

मी जाऊन पाहिलं. ॲड-ऑनने मेहुण्यालाही जाहिरात समजून अडवलं होतं. मला इतकं अपराधी वाटलं! मी म्हटलं, "नाना, काढून टाकते लगेच."

नानांनी लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला. "म्हणजे माझ्या घरात मेहुणा अडवला जातो, आणि त्याला तिकडे कळतसुद्धा नाही?"

"हो..."

"मग राहू द्या!"

* * *

शबानाआपांना मी पडद्यावरची मोजपट्टी सुचवली. ब्लॉगवरचे फोटो एका मापात यावेत म्हणून असतं ते ॲड-ऑन. पट्टी पानावर ओढायची, ती लांबी-रुंदी सांगते. आपांना पट्टी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तीस वर्षं गळ्यात टेप आहे त्यांच्या.

माहीसाठी त्यांनी फ्रॉक शिवायला घेतला. फ्रॉकचं चित्र स्क्रीनवर होतं. आपांनी पट्टी ओढली, खांदा मोजला, छाती मोजली, घेर मोजला, आणि कात्री चालवली. अख्खं चित्र एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी ते आधी चांगलं बारीक करून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

फ्रॉक आला. सुंदर पिवळा, झालर लावलेला, माझ्या पंजाएवढा!

मी म्हटलं, "आपा, कापताना वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना बेटा! हात सांगत होता, चूक आहे. पण कॉम्प्युटर सांगत होता, बरोबर आहे. मी म्हटलं, मी दहावी नापास, हा एवढा शिकलेला. ह्याचंच खरं असेल."

माहीने फ्रॉक बाहुलीला घातला. तंतोतंत बसला. आपांनी बाहुली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "फिटिंगमध्ये नाव ठेवायला जागा नाही हं!"

* * *

मला स्वतःला मी दिलेला सल्ला तर ऐकाच.

माझी एक खोड आहे. माहीला काहीही झालं की मी नेटवर लक्षणं शोधते आणि तिसऱ्या पानापर्यंत मला भलतेच आजार सापडतात. म्हणून मी साइट अडवणारं ॲड-ऑन घेतलं. आजारांच्या जेवढ्या साइट होत्या, तेवढ्या यादीत टाकल्या. त्या भरात बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकचं पानही टाकलं, कारण त्यांचे लेख वाचूनही मी घाबरायचे. अडवलेलं पान उघडलं की मीच लिहिलेला मजकूर यायचा : 'सगळं ठीक आहे. उगाच घाबरू नकोस.' पासवर्ड सागरला ठरवायला लावला आणि बजावलं, मी कितीही रडले तरी द्यायचा नाही.

पुढच्याच सोमवारी माहीच्या दोन्ही पायांवर तपकिरी डाग! मी क्लिनिकची वेळ बघायला गेले. स्क्रीन म्हणाली, 'सगळं ठीक आहे. उगाच घाबरू नकोस.' मी पुन्हा पुन्हा उघडत राहिले, ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. स्वतःचा एवढा राग मला कधीच आला नव्हता.

सागरला ऑफिसात फोन केला. "पासवर्ड दे! माहीच्या पायावर काहीतरी उठलंय!"

तो अगदी प्रेमाने म्हणाला, "तू म्हणाली होतीस, असंच रडशील."

फोन ठेवला आणि माहीला उचलून शेजारच्या गल्लीत आपांकडे पळाले. आपांनी चष्मा लावला, पाय उजेडात धरला, नखाने डाग खरवडला आणि हसायलाच लागल्या. "अगं, हा केळीचा चीक आहे! तुमच्या अंगणातला घड उतरवला ना, तिथे खेळली असेल. कपड्यावरचा जन्मात निघत नाही, लेकराचा दोन दिवसांत निघतो."

सगळं ठीक होतं. उगाच घाबरले होते. स्क्रीन बरोबर होती, हे मी सागरला अजून सांगितलेलं नाही.

* * *

पासवर्ड सांभाळणारं ॲड-ऑन मी नानांना घेऊन दिलं. सगळे पासवर्ड त्यात, आणि त्याला एकच मोठा मुख्य पासवर्ड. नानांना हे फार पटलं. ते म्हणाले, "आमच्या रेल्वेसारखंच. योग्य माणसाच्या हातात योग्य वस्तू असल्याशिवाय गाडी हलायची नाही."

त्यांनी मुख्य पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटात घातला आणि पाकीट त्यांच्या नोकरीतल्या ब्रीफकेसमध्ये ठेवलं. ब्रीफकेसला आकड्यांचं कुलूप. ते आकडे विसरायला नकोत, म्हणून ते त्यांनी कुठे नोंदवून ठेवावेत? त्या ॲड-ऑनमध्ये!

महिन्याभराने लॅपटॉपने मुख्य पासवर्ड विचारला. आम्ही तिघं ब्रीफकेसभोवती बसलो होतो. मला हसावं की रडावं कळत नव्हतं, कारण सल्ला माझा. नाना मात्र शांत होते. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी सिग्नल लाल आहे. म्हणजे अपघात होणार नाही, हे नक्की."

शेवटी आपांनी शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर आणला.

* * *

मग अक्का यायच्या झाल्या.

माझी झोप उडाली. ब्लॉग लिहायला तर दुपारीच वेळ मिळतो, आणि अक्का दुपारी हॉलमध्येच असतात. त्या चौथी शिकलेल्या. सावकाश वाचतात, पण वाचतात. मी शोधून शोधून एक ॲड-ऑन मिळवलं : एक बटण दाबलं की उघडी असलेली सगळी पानं लपतात आणि आपण ठरवलेलं एकच पान समोर येतं. मी शेवभाजीच्या रेसिपीचं पान ठरवलं. सुनेच्या लॅपटॉपवर शेवभाजी, यात संशयाला जागा कुठे आहे?

चांगलं चाललं होतं. अक्कांची चाहूल लागली की बटण. अक्का मागून डोकावून जायच्या. मी रेसिपीकडे एकटक बघत बसायचे. ब्लॉगवर तेव्हा मी अक्कांनी माहीला दिलेल्या ओव्याच्या धुरीबद्दल लिहीत होते, त्यामुळे बटण जरा जास्तच दाबलं जात होतं.

नवव्या दिवशी अक्का माझ्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "आठ दिन व्हयी ग्यात, तू तीच शेवभाजी देखी ऱ्हायनी. खान्देशमा ऱ्हाईसन शेवभाजी कॉम्प्युटरमा देखनी पडस का? उठ, मी दाखाडस!"

त्या दिवशी मी अक्कांच्या हाताखाली शेवभाजी शिकले. मला ती लग्नाआधीपासून येते.

* * *

आता शेवटचा. हा मी मंडळातसुद्धा धड सांगू शकले नाही. मध्येच थांबले होते.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक ॲड-ऑन असतं. लिहिलेलं कानांनी ऐकलं की चुका सापडतात, म्हणून मी ते घेतलं. त्यातली बाई मराठी वाचते, पण एका सुरात. हसायचं वाक्य आणि रडायचं वाक्य तिला सारखंच.

त्या दुपारी मी एक पोस्ट लिहून पूर्ण केली होती. माही तासभर रडत होती आणि माझ्याकडे काही केल्या शांत होत नव्हती, त्या दिवसाची. सासूबाईंनी नुसती मांडीवर घेतली आणि ती झोपली. मग मी बाथरूममध्ये जाऊन, नळ पूर्ण सोडून रडले. वाटलं, या लेकराला आई चुकीची मिळाली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सागरलाही नाही.

बेडरूममध्ये वाचायचं बटण दाबलं. आवाज नाही. आवाज वाढवला. तरी नाही. पूर्ण वाढवला. मला वाटलं ॲड-ऑन बिघडलं, आणि तेवढ्यात मला हॉलमधून ती बाई ऐकू आली.

माहीच्या गाण्यांचा ब्लूटूथ स्पीकर हॉलमध्ये होता. लॅपटॉप त्यालाच जोडलेला राहिला होता. आणि स्पीकरपाशी अक्का लसूण सोलत बसल्या होत्या.

मी धावत दारापर्यंत गेले आणि तिथेच खिळले. ती बाई त्याच एका सुरात वाचत होती : सासूबाईंनी मांडीवर घेतली आणि ती झोपली मी नळ सोडला मी रडले. मागे जाऊन बंद करावं, एवढं साधं मला सुचलं नाही. अक्कांचा हात थांबला होता. बाईने शेवटपर्यंत वाचलं आणि गप्प झाली.

"ही बाई कोन शे?" अक्कांनी विचारलं.

"इंटरनेटवरची... आहे कुणीतरी."

"आजून एकडाव लाव."

मी परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मी जमिनीकडे बघत होते आणि अक्का कुठे बघत होत्या ते मला माहीत नाही. बाई थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तिले काही लिखता येस का?"

"हो. खाली लिहिता येतं. ती वाचते."

"मंग लिख."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर खाली बसले. ती पोस्ट प्रकाशित केली, तिच्याखालची कमेंटची चौकट उघडली, आणि अक्का सांगतील तसं लिहीत गेले.

"लिख, पोरी, नळ सोडू नको. आठ दिनमा एकडाव पानी येस." अक्कांनी सोललेला लसूण वाटीत टाकला. "मी सून व्हतू तवय मिरच्या कांडाले बसू. डोयाले पानी उनं ते कोनी इचारे नही. लिखं का?"

"लिहिलं."

"बस. एवढंच."

मी विचारलं, "अक्का, खाली नाव काय टाकू?"

त्यांनी लसणाची पुढची पाकळी उचलली.

"नुसतं सासू लिख. तिले समजी जाई."